तानीच्या अर्ध्या आवणीतून

माझी नात प्रगती बारावीला आहे. परवा ओट्यावर बसून इंग्रजी घोकत होती. मी चौथीत शाळा सोडली, पण कान काही सोडले नाहीत. विचारलं, "काय गं ते वॉक आऊट ऑन?"

"आजी, कोणीतरी आपल्या भरवशावर असतं आणि ऐन गरजेला आपण त्याला टाकून चालतं व्हायचं. नुसतं उठून गेलं तर तसं म्हणत नाहीत. मागं कोणी उरावं लागतं. कर बघू एक वाक्य!"

वाक्य तयारच होतं. बोलले मात्र दुसरं, "मांजर पिलांना टाकून गेली."

"शाब्बास!" पोरगी म्हणाली. माझी मान वर होईना.

आमच्या कैनाडला भाताच्या आवणीला, म्हणजे रोपं लावायला, सावड असते. आज सगळ्या तुझ्या शेतात, उद्या माझ्या. शेजारची तानी नवऱ्यामागं एकटी. नऊ वर्षांपूर्वी चिखलणीला तिला माणूस मिळेना, तर तिनं पहाटे स्वतःच नांगर धरला. बाईनं नांगर धरला की पाऊस रुसतो, असं आमच्यात म्हणत. त्याआधी चार दिवस ती माझ्या शेतात वाकली होती. त्या दिवशी तिच्याकडे आम्ही सातजणी होतो. दुपारी पाड्यातला वडीलधारा लडक्या बांधावरून ओरडला, "हिनं नांगर धरलाय! हिच्याकडे राबेल तिच्या शेतात कोणी पाय ठेवणार नाही!"

पहिली निघाले ती मी. हातातली रोपांची जुडी बांधावर नीट ठेवली, जसं काही त्यानं पाप हलकं होणार होतं.

"जिजे, रोपं उपटलीत गं! वाळून जातील!" तानी मागून ओरडली. मी चिखलाचे पाय धुवायलाही थांबले नाही.

पाऊस त्या वर्षी भरपूर झाला. रुसला असलाच तर कोणावर, कळलं नाही.

काल तानीच्या दारात गेले. म्हटलं, "तुला टाकून गेले मी."

"आज कळलं होय?" ती तांदूळ पाखडत होती, सूप थांबलं नाही. "एकटीनं सहा दिवस वाकले. एका खाचराची रोपं वाळलीच."

"माफ कर, बाई."

"मला कशाला सांगतेस? मी तिथंच होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग, तुझ्या नावानिशी."

घरी येऊन आधी प्रगतीला सांगितलं. ती शाब्बास म्हणाली नाही.