तिसरा जीव

मुलुंडच्या बागेत ती रोज संध्याकाळी दिसायची. गाऊनवर ओढणी, पायाशी भाजीची पिशवी आणि फोनवर, लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचो तो उड्या मारायचा गेम. गेममधला माणूस उडाला की बाकावर हीसुद्धा थोडी उडायची.

मला फुकटचे सल्ले द्यायची खाज. एकदा म्हटलं, "ताई, या अ‍ॅपमध्ये गेम हवा तिथे सेव्ह होतो. मेलात तरी तिथूनच पुढे."

मी तिच्या घरी न सांगता पाहुणे आणलेत, अशा नजरेने तिने पाहिलं. "मग उठायचं कधी रे? तीन जीव गेले की घरी जायचं, असं ठरलंय माझं. नाहीतर स्वयंपाकाची वाट लागेल ना!"

दोन जीव पटापट गेले. तिसरा मिळाला, तसं तिने त्या माणसाला शत्रू फिरकत नाहीत अशा एका भिंतीआड नेऊन उभं केलं. फोन मांडीवर ठेवला, चपला काढल्या आणि शेंगांची पुडी सोडली.

तेवढ्यात घरून नवऱ्याचा फोन आला.

"अहो, येते ना," ती शेंग फोडत म्हणाली, "अजून मेले कुठे?"