आत्याचं थाळी केंद्र

कर्जत स्टेशनाबाहेरच्या एका गल्लीत माझी आत्या सरकारी स्वस्त थाळीचं केंद्र चालवायची. जेवणारा थोडे पैसे द्यायचा, बाकीचं अनुदान सरकारकडून यायचं. नवरा गेल्यावर बचत गटातल्या बायांना सोबत घेऊन तिनं ते उभं केलं होतं. मी जवळच्याच दवाखान्यात कामाला होते, दुपारी डबा घेऊन तिच्याकडेच जायचे. जेवणाऱ्या प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो काढावा लागे, नाहीतर ती थाळी हिशेबात धरत नसत. म्हाताऱ्या बाया लाजून पदर सारखा करायच्या. आत्या म्हणायची, "हसा की जरा, लग्नातला फोटो हाय असं समजा."

माझ्या बाबांना, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला, ते केंद्र कधी पटलं नाही. आमची पोशीरला भातशेती. लावणीला माणसं मिळेनाशी झाली, तेव्हापासून त्यांचा सगळा राग फुकटच्या रेशनवर आणि या थाळीवर निघायचा.

मग अनुदान रखडलं. थाळी ठेवायची की बंद करायची यावर मुंबईत विधानसभेत खडाजंगी चालली होती आणि इकडे आत्या वाण्याकडून उधारीवर डाळ आणत होती.

त्या वर्षी भाऊबीजेला ती आमच्याकडे आली. ओवाळून झालं. टीव्हीवर दोन पुढारी भांडत होते. एक म्हणत होता, तिजोरीवर भार पडतो. दुसरा म्हणत होता, गरिबाच्या तोंडचा घास काढता.

"पयला बरोबर बोलतोय," बाबा म्हणाले. "बसून खायला मिळालं तर चिखलात कोण उतरंल?"

"माझ्याकडं येतात त्यांचं चिखलात उतरायचं वय नाय रं राहिलं, दादा."

"मग त्यांची पोरं कुठं गेली?"

"ते मी नाय इचारत. आलेल्याला वाढते."

आईनं टीव्ही बंद केला. मग आत्या म्हणाली, "दादा, ओवाळणी नको घालू. दोन पोती तांदूळ दे. अनुदान आलं की परत करीन."

बाबांनी ताटातली साखर उगाच बोटानं सारली. "तुला घरी लागंल तेवढा ने. टेंपो भरून ने. पण त्या केंद्राला एक दाणा नाय देणार."

"घरी मी एकटी हाय. टेंपोभर तांदूळ घेऊन काय करू?"

आईनं बांधून दिलेल्या करंज्या तेवढ्या तिनं नेल्या. पुढे वाण्यानंही हात आखडला आणि केंद्राचं शटर खाली आलं.

नंतर एकदा बाबा तहसील कचेरीत कामासाठी आले होते. आम्ही दोघं त्या गल्लीतून निघालो, तर बंद शटरसमोर एक म्हातारी आवळ्यांची पाटी घेऊन बसलेली. कोंडाणे गावाच्या वरच्या वाडीतली. माझ्या लहानपणी आमच्या शेतात लावणीला बायांच्या पुढे तीच असायची. आता कंबरेत पार वाकली होती. तिनं बाबांना ओळखलं.

"शेट, आज बाय नाय आली? कवा उघडंल?"

बाबाच तिला समोरच्या हॉटेलात घेऊन गेले. ती सावकाश जेवली. उरलेली भाकरी तिनं पदरात बांधली. बाबांनी स्वतः चहासुद्धा घेतला नाही.

"औंदा लावणीला कोण होतं?" तिनं विचारलं.

"मशीन लावली," बाबा म्हणाले. "माणूस कुठं मिळतोय."

"आमी हाय की. पर आता वाकलं की उठवत नाय."

त्याच आठवड्यात बाबांनी टेंपोत तांदळाची पोती घातली आणि मला घेऊन आत्याच्या दारात उभे राहिले. तिनं पोत्यांकडे पाहिलं, आम्हाला आत घेतलं, चहा ठेवला.

"आता कशाला रं दादा? टोप, शेगड्या, सगळं देऊन टाकलं. बाया फार्महाऊसवर कामाला लागल्या. मीपन लागले."

"परत चालू कर. मी गावात शब्द टाकतो. आणखी चार जण देतील."

"चार जणांच्या तांदळावर किती दिस चालनार? ते सरकारनंच चालवायचं होतं." मग आवाज उतरवून म्हणाली, "तवा दिला असतास, तर अनुदान येईस्तोवर तग धरला असता. कोणास ठाऊक, नसताही धरला."

पोती आम्ही परत आणली.

रखडलेलं अनुदान पुढे आलं, ते वाण्याची उधारी फेडण्यात गेलं. आत्या आता खालापूरकडच्या एका फार्महाऊसवर स्वयंपाक करते. शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे येतात, पानात अर्धं टाकून उठतात, ते ती मुकाट्यानं उचलते. भाऊबहीण अजून भेटतात, एकमेकांची औषधं विचारतात. पण गावात कुणी फुकट खाणाऱ्यांवर बोलायला लागलं, की पूर्वी सगळ्यांत आधी मान डोलावणारे बाबा आता उठून निघून जातात. विरोधात एक शब्दही बोलत नाहीत. त्यांनी बोलावं असं मला फार वाटतं. मी एकदा तसं म्हणालेही. ते म्हणाले, "आता बोलून कुणाचं पोट भरनार हाय, पोरी?"