मागे पाहण्याचा धडा

सुलोचना ताकसांडे यांनी वर्ध्यात तीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं. आता निवृत्तीनंतर त्या रोज सकाळी मुलांना आणि बायांना गर्दीत सायकल चालवायला शिकवतात, तेही फुकट. म्हणूनच लोकांना शंका येते, यात यांचा काय फायदा. त्यांचा पहिला धडा एकच: वळण्याआधी खांद्यावरून मागे पाहायचं, मगच हात दाखवायचा.

या धड्यामुळेच त्यांच्याकडे शिकणाऱ्या सरिताचं शिकणं बंद पडायची वेळ आली. तिचा नवरा धर्मेंद्र तणतणत शिकवणीच्या मैदानावर आला.

"बाई, ही रस्त्यानं घडीघडी मांगं काऊन पाह्यते? कोन येऊन राह्यलं हिच्या मांगं?"

सुलोचनाबाईंनी धर्मेंद्रच्या हाती सरिताची सायकल दिली आणि स्वतः आपल्या सायकलवर बसल्या. "भाऊ, मांगं न पाह्यता उजवीकडं वळून दाखवा."

तो वळला आणि मागून येणाऱ्या बाईंच्याच सायकलवर आदळला.

"समजलं, कोन येऊन राह्यलं?"

त्याने पँट झटकली. "येईल सरिता उद्या. पन मीबी येतो पाहाले."

"येजा. तुमालेबी शिकाच लागते."

दुसऱ्या दिवशी तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला. सरिताने मागे पाहिलं, तसं त्यानेही तिकडे पाहिलं. एसटी येत होती. तो खिडक्यांमधले चेहरे निरखत राहिला. तोवर सरिता हात दाखवून वळलीही होती.