भाड्याच्या दाराचं नवं

रियाधमध्ये शरद ऋतू येत नाही हे तिथल्या सगळ्यांना मान्य होतं. नव्हतं ते फक्त आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना. बाहेर ऊन असं की गाडीचं स्टिअरिंग रुमालाने धरावं लागे, पण भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात आश्विन लागला की काकू जिना उतरून आमच्या दारात उभ्या राहत आणि जाहीर करत, "हवा बदलली हो! जाणवली का?" मला जाणवायची ती फक्त एसीची घरघर. तसं एकदा बोलून गेलो, तर "तो बंद कर, मग जाणवेल," असं म्हणत त्यांनी खरोखरच एसी बंद केला आणि मी, माझी बायको आणि काकू असे तिघं घामाने निथळत शरद ऋतू जाणवून घेत बसलो. काकूंशी वाद घालून जिंकलेला माणूस मला उभ्या रियाधमध्ये भेटला नाही. काका बँकेत चांगल्या हुद्द्यावर होते, त्यांच्या सहीवाचून तिथे पान हलत नसे म्हणतात. घरात मात्र चहात साखर किती घालायची याबाबतही त्यांचं मत विचारलं गेल्याचं मला आठवत नाही.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी माझ्या बायकोने कुठल्याशा मासिकात बघून 'ऑटम डेकोर' करायचं मनावर घेतलं होतं. टीव्हीशेजारी फुलदाणी, तीत लाल-नारिंगी कापडी पानं, पायथ्याशी दोन प्लास्टिकचे भोपळे. काकूंनी चष्मा वर-खाली करून ते सगळं नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे. कुठल्या देशातला शरद गं हा?" बायकोचा चेहरा पडला, तशी त्यांनी तिला शेजारी बसवून घेतलं. "आपल्याकडे शरदात पानं नाही गळत, भात पिकतो. आणि भात पिकला की दाराला नवं बांधतात." काकूंचं गाव चिपळूणजवळचं. आंब्याच्या पानात भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, कुरडूचं फूल आणि झेंडू घालून केलेली जुडी म्हणजे नवं. ती आश्विनात दाराला बांधायची आणि पुढच्या आश्विनापर्यंत काढायची नाही. "आणि ज्या घरातलं माणूस त्या वर्षात गेलं, त्या घराला नवं बांधत नाहीत," काकू म्हणाल्या. "आमच्या वाडीत शिरलं की नुसत्या दारांकडे बघून कळतं." त्या उन्हाळ्यात काकांची बायपास झाली होती. एरवी गावच्या घराला दीर नवं बांधत आणि काकूंना तेवढं पुरे. या वर्षी पुरत नव्हतं. "या दाराला पाहिजे," त्यांनी वर बोट केलं. "माणूस या दाराच्या आत आहे."

खऱ्या लोंब्या कुठून आणणार? म्हणून खोटं नवं करायचं ठरलं, आणि गुरुवारी संध्याकाळी, ऐन सुट्टीच्या गर्दीत, मला सगळ्यांना घेऊन बत्हाच्या बाजारात गाडी हाकावी लागली. मागच्या सीटवर काकू आणि बायको, पुढे माझ्या शेजारी, टाक्यांना धक्का बसू नये म्हणून छातीशी उशी धरून बसलेले काका. कृत्रिम फुलांच्या दुकानातल्या मल्याळी सेल्समनने मोठ्या उत्साहाने लाल पानांचा ढीग पुढे केला. काकूंनी एक पान उचललं, उलटंपालटं केलं आणि "ये बीमार है" म्हणून परत ठेवलं. त्याने गव्हाच्या ओंब्या काढल्या. "हा गहू आहे. आमच्याकडे गहू वाण्याकडे पिकतो," असं त्याला शुद्ध मराठीत सुनावण्यात आलं. आंब्याची प्लास्टिकची पानं मिळाली, पण ती फार चकचकीत. "पार्लरमधून आल्यासारखी दिसतायत मेली." नमाजाची वेळ झाली आणि दुकान बंद करायला मिळालं तेव्हा त्या बिचाऱ्याच्या तोंडावर जो आनंद पसरला, तो मी विसरणार नाही. पण काकू अबाया सावरून बंद शटरसमोर उभ्या राहिल्या, आणि शटर वर गेलं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक पुन्हा त्याच होत्या. शेवटी तीच पानं, सोनेरी लांबट मणी, तपकिरी मणी, गुलाबी लोकर, बारीक तार, हिरवी चिकटपट्टी आणि पिवळी सॅटिनची रिबीन एवढं घेऊन आम्ही परतलो.

पुढचे कित्येक दिवस वरच्या मजल्यावर कारखाना चालला. पानांची चकाकी घालवायला ती चहाच्या पाण्यात बुडवून ठेवली. रिबिनीला धावदोरा घालून, चुण्या ओढून झेंडू झाले. गुलाबी लोकरीचा कुरडू झाला, तपकिरी मण्यांची नाचणी झाली. खरी परीक्षा होती ती लोंब्यांची. तारेत मणी असे ओवायचे की लोंबी आपल्या वजनाने वाकली पाहिजे. "वाकली ती भरलेली, ताठ राहिली ती पोचट," हा काकूंचा नियम. बायकोच्या पहिल्या सगळ्या लोंब्या उसवल्या गेल्या. मला तर मण्यांना हात लावायचीही परवानगी नव्हती. काकांना मात्र डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली, घरात बसून कंटाळलेले. त्यांनीही एक लोंबी करायला घेतली, पण चार-पाच मणी ओवून होतात तोच त्यांना डुलकी लागली. जागे झाल्यावर त्यांनी अभिमानाने ती वर धरली. खिळ्यासारखी ताठ.

"पोचट आहे," काकू म्हणाल्या. "दाराला लागणार नाही."

"असू दे गं. शेतात एखादी निघतेच की पोचट."

"माझ्या शेतात नाही निघत."

काकांनी ती आपल्या पेनांच्या मगमध्ये खोचून ठेवली.

कोजागिरीला सकाळी काकूंनी दारावरच्या पितळी नंबरपट्टीला सुतळीने नवं बांधलं. दुपारी ते नव्हतं. इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, एक म्हातारा येमेनी होता. त्याने ते सोडून, नीट पिशवीत घालून परत आणून दिलं. "मदाम, ये ममनू. दरवाजा पे कुछ नहीं." दारं नुकतीच रंगवलेली होती आणि मालकाचा तसा हुकूम होता. काकूंनी त्याचे आभार मानले, पिशवी घेतली आणि त्याच्यासमोरच नवं पुन्हा बांधलं. त्याने संध्याकाळी काढलं, यांनी सकाळी बांधलं. असं बरंच चाललं. त्यात गंमत अशी की म्हातारा एकही मणी पडू देत नसे आणि काकू त्याला दर वेळी चहा देत. अखेर मालकाचा एजंट स्वतः आला. पांढराशुभ्र पायघोळ थोब, हातात किल्ल्यांचा जुडगा, कपाळावर आठ्या. मला दुभाष्या म्हणून वर बोलावलं, पण माझं अरबी 'यल्ला'ला सुरू होऊन 'खलास'ला संपायचं. त्यामुळे भाषांतराचं काम हारिसवरच पडलं. एजंटचं म्हणणं सरळ होतं: हे उतरवा, नाहीतर भाडेकरार पुढे वाढणार नाही.

"अगं, घर सोडावं लागेल," आतून काकांचा आवाज आला.

"घर त्यांचं असेल. दार रोज उघडते आणि लावते मी!" काकू कडाडल्या आणि हारिसकडे वळल्या. "इसको बोलो. ये निकालेगा तो सब समझेगा इधर आदमी मर गया. मेरा आदमी मरा नहीं है! अंदर बैठके चाय पीता है!" आणि पुरावा म्हणून त्या आत गेल्या आणि काकांना दंडाला धरून बाहेर घेऊन आल्या. लेंगा, बनियन, हातात अर्धा कप चहा आणि बनियनच्या गळ्यातून वर डोकावणारा टाक्यांचा लांबलचक व्रण. "देखो! जिंदा है की नहीं?" काका संकोचाने "सलाम आलेकुम" म्हणाले. एजंटने व्रण पाहिला, मग नवं पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं. त्या दंड सोडायला तयार नव्हत्या. हारिसने त्याला हळू आवाजात बरंच काही सांगितलं. एजंट "माशाल्ला" म्हणाला, छातीवर हात ठेवून काकांना म्हणाला, "खलास, खलास," म्हणजे झालं, मिटलं, आणि जिना उतरला. नवं राहिलं. त्याच्यावरची धूळ पुढे हारिसच झटकायचा.

दोन-तीन वर्षांनी काका निवृत्त झाले आणि दोघं गावी गेली. आम्ही मात्र रियाधलाच राहिलो. नंतरच्या एका सुट्टीत, आश्विनात, मी आणि बायको त्यांच्याकडे गेलो. काका त्याच वर्षी उन्हाळ्यात वारले होते. वाडीत शिरलो तर दोन्ही बाजूंना भात पिवळाधमक झालेला आणि दारादाराला नवं. शेवटचं घर काकूंचं. दार मोकळं होतं. ठाऊक असूनही ते बघवलं नाही. बायको अंगणातच थांबून डोळे पुसत राहिली.

काकूंनी मात्र खणखणीत आवाजात "आत या आधी, ऊन आहे" म्हणून आम्हाला आत घेतलं आणि मागून दार लोटलं. दाराच्या आतल्या बाजूला रियाधचं नवं बांधलेलं होतं. मी बघत राहिलो, तशा त्या फटकन म्हणाल्या, "बघतोस काय? बाहेर रीत पाळली ना मी? आतून दार माझं आहे."

चहाच्या पाण्याने काळवंडलेली पानं, विटलेला झेंडू आणि खाली वाकलेल्या सोनेरी लोंब्या. त्यांच्या मधोमध चार-पाच मण्यांची एक लोंबी ताठ उभी होती.