जावईबापूंचे वकील

आमचे वकील वकील नव्हते. कोर्टाची पायरी ते आयुष्यात एकदाच चढले होते, तीही गाडी जोरात चालवल्याबद्दल, आणि तिथे तोंडातून अक्षर न काढता दंड भरून परत आले होते. नोकरीने ते माझ्यासारखेच आयटीतले. नाव सुधीर, मूळचे डोंबिवलीचे, मध्ये बरीच वर्षं अमेरिकेत काढून मग मेलबर्नजवळ वेरिबीला येऊन स्थिरावलेले. पण वेरिबीतल्या आम्हा मराठी मंडळींत त्यांना सगळे वकीलच म्हणत. कारण एका माणसाची केस ते वर्षानुवर्षं लढत होते. तो माणूस अमेरिकेत होता आणि आपल्याला वेरिबीत एक वकील आहे याची त्याला गंधवार्ताही नव्हती.

हा माणूस म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधला एक नामांकित क्वार्टरबॅक. ज्याच्या हातात चेंडू येतो आणि ज्याच्या डोक्यावर अख्ख्या टीमचं खापर फुटतं, तो क्वार्टरबॅक. वकील अमेरिकेत नोकरीला लागले त्याच थंडीत हाही त्यांच्याच गावच्या टीममध्ये लागला. ‘आम्ही दोघं एकाच बर्फात घसरलो,’ असं ते सांगत. सीझनभर हा गडी असा खेळे की बघत राहावं. पण प्लेऑफ सुरू झाले, म्हणजे हरला तो घरी गेला असे सामने आले, की ह्याचं काहीतरी बिनसे. ऐन वेळी चेंडू भलत्याच्या हातात जाई. वकिलांसमोर मात्र हे बोलायची सोय नव्हती. घरच्या जावयाला नावं ठेवल्यासारखा त्यांचा चेहरा होई. म्हणून आमच्यातल्या प्रशांतने त्या खेळाडूचं नावच जावईबापू ठेवलं.

अमेरिकेतला रविवार आमच्याकडे सोमवारी सकाळी उगवतो. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत मोठ्या सामन्यांच्या दिवशी आमच्या ओळखीतले निम्मे लोक अचानक आजारी पडत. ऑस्ट्रेलियात त्याला सिकी म्हणतात आणि त्यात कुणी फारसं वावगं मानत नाही. वकिलांना मात्र ते खपत नसे. ‘खोटं बोलून मॅच बघितली तर टीम हरते. रजा टाका, कारण लिहा, फुटबॉल,’ असा त्यांचा दंडक होता. ते स्वतः तसंच लिहीत. त्यांच्या ह्या सचोटीचं मला फार कौतुक होतं. मी माझ्या आईलाही फोनवर सांगितलं होतं, की इथे मला एक अगदी सरळ माणूस भेटलाय.

मॅच त्यांच्या गॅरेजमध्ये व्हायची. गाडी बाहेर, भिंतीवर पडदा, जुने सोफे, आणि वॉशिंग मशीनला टेकून एक स्टूल. ते स्टूल माझं. सुरुवातीला ड्राइव्हवेवर नारळ फोडला जाई. शेजारचा ऑस्ट्रेलियन आजोबा दरवर्षी कुंपणावरून विचारी, ‘बिग गेम, मेट?’ आणि खोबऱ्याचा तुकडा घेऊन जाई. एकदा टीमने गुण मिळवला की तेव्हा जो जिथे असेल त्याने तिथून हलायचं नाही, हा दुसरा कायदा. एका प्लेऑफ सामन्याला त्यांच्या बायको, आमच्या वर्षावहिनी, पोह्यांवर कोथिंबीर घालत असताना टचडाऊन झाला. ‘वर्षा, हलू नकोस!’ म्हणून वकील ओरडले आणि बिचाऱ्या वहिनी कोथिंबिरीची मूठ तशीच धरून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. पोहे गार झाले, पण मॅच जिंकली.

पोहे आणि सामना यांच्या मध्ये खटला उभा राही. प्रशांत आरोप करणार, ‘रेग्युलर सीझनला वाघ, प्लेऑफला मांजर. मोठ्या दिवशी कच खातो तुमचा माणूस.’ मग वकील चष्मा पुसत उठणार. त्या वर्षी त्याला राखणारी पुढची फळी किती गळकी होती, किकरने कसं घालवलं, बर्फ किती पडत होता, सगळं बाहेर निघे. त्यांची लेक रिया कामावर जाता जाता गॅरेजमध्ये डोकावून म्हणे, ‘ही चोक्स, डॅड. कच खातो तो. जस्ट ॲडमिट इट.’ त्यावर वकिलांचं ठरलेलं उत्तर असे. ‘हरायला तिथपर्यंत जावं लागतं, बाळा. घरी बसणारा कधीच हरत नाही.’ आणि शेवटी बोट वर करून, ‘पडलेल्या माणसाला आधी उठवायचं. निकाल नंतर.’

मला फुटबॉलमधलं ओ का ठो कळत नव्हतं. माझा नवरा निखिल तिकडे पश्चिमेला कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत इंजिनिअर, मी इकडे वेरिबीत कॉन्ट्रॅक्टवर. त्याला यायचं तर आधी पर्थचं विमान, मग मेलबर्नचं. सोमवारी एकटीने घरात बसण्यापेक्षा म्हणून मी त्या गॅरेजमध्ये जायला लागले, आणि वकिलांनी मला हाताशी धरलं. कुठला खेळाडू कुठे धावतो, का धावतो, हे ते पोह्यांच्या बशीत शेंगदाणे मांडून दाखवत. बघता बघता मी त्यांची ज्युनिअर झाले. प्रशांतने तोंड उघडलं की ते म्हणत, ‘ज्युनिअर, बोल,’ आणि मी पदर खोचून उभी. पदर नव्हता, हुडी होती. पण जोर तोच.

आमची कंपनीही एकच होती. ते वरच्या जागेवर, मी खालच्या. एका शनिवारी आमची नवी सिस्टीम चालू करायची होती आणि दुपारी ती कोसळली. काम माझ्या हाताखाली होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मला एकदम काही सुचेना. मी उठून पँट्रीत गेले आणि सिंकपाशी उभी राहून रडले. वकील मागोमाग आले. त्यांनी दार लोटून घेतलं, चहा केला, कप माझ्या हातात दिला. ‘पडलेल्या माणसाला आधी उठवायचं,’ एवढंच म्हणाले. मी चहा प्यायले, तोंड धुतलं, बाहेर जाऊन चूक शोधून काढली. संध्याकाळी सिस्टीम सुरळीत चालू झाली. पँट्रीतलं त्यांच्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं आणि मी ते निखिललासुद्धा सांगितलं नव्हतं. त्या चहापायी मी त्या माणसावरून जीव ओवाळून टाकला असता.

पुढच्या वर्षी आमच्याकडे टीम लीडची पर्मनंट जागा निघाली. ती द्यायची होती आमच्या मॅनेजरने, क्रेगने. मी आणि निखिल तेव्हा रोज फोनवर तेच बोलायचो. मला ती जागा मिळाली की तो खाण सोडून येणार, आम्ही वेरिबीत एका छपराखाली राहणार. लग्नानंतर ते आम्हाला अजून जमलंच नव्हतं. जागा नाही मिळाली तर माझं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. मी वकिलांना सगळं सांगितलं. ‘अगं, तुझीच आहे ती जागा,’ ते म्हणाले. ‘क्रेग मला विचारणारच. मी आहे ना.’ मी निखिलला तेच सांगितलं, वकील आहेत ना.

त्या वर्षी जावईबापू पहिल्यांदाच फायनलला पोचले होते. गॅरेजमध्ये नुसतं लग्नघर झालं होतं. फायनल सोमवारी, आणि आधीच्या शुक्रवारी क्रेगने मला आत बोलावलं. क्रेग माणूस वाईट नाही. जागा दुसऱ्याला दिली होती. मी कारण विचारलं तेव्हा तो खुर्चीत अवघडला. ‘लुक, मेधा, यू आर ब्रिलियंट ऑल यिअर. पण प्रेशर आलं की... त्या शनिवारी तू किचनमध्ये जाऊन रडत होतीस, असं ऐकलं. टीम तुझ्या हातात द्यायची म्हणजे रिस्क आहे.’ शेवटी दारापर्यंत येऊन म्हणाला, ‘समथिंग एल्स विल कम अप. नो वरीज.’

कुणाकडून ऐकलं हे मी विचारलं नाही. दार कुणी लोटून घेतलं होतं ते मला माहीत होतं.

सोमवारी जाऊ नये असं निखिल म्हणाला. पण रजा टाकलेली होती, कारणही लिहिलेलं होतं, आणि मला त्या माणसाचं तोंड बघायचं होतं. मी गेले. नारळ फुटला, आजोबा खोबरं घेऊन गेले, वहिनींनी पोहे दिले. वकील टीमची जर्सी घालून सगळ्यांना हाताला धरून जागेवर बसवत होते. माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, ‘क्रेगचं कळलं गं. वाईट वाटलं. होईल दुसरं काहीतरी.’ त्यांच्या डोळ्यांत खरोखरच वाईट वाटलेलं दिसत होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

प्रशांतने खटला काढला. ‘आजही बघा, कच खाणार.’ वकिलांनी चष्मा पुसला आणि हसून माझ्याकडे बघितलं. ‘ज्युनिअर, बोल.’

मी उभी राहिले. ‘माणूस ब्रिलियंट आहे. वर्षभर उत्तम खेळतो,’ मी म्हणाले. ‘पण प्रेशर आलं की ढासळतो. टीम त्याच्या हातात द्यायची म्हणजे रिस्क आहे.’

प्रशांतने टाळी दिली, ‘अरे, ज्युनिअर फुटली!’ सगळे हसले. वकील हसले नाहीत. त्यांच्या हातातला चष्मा हातातच राहिला.

‘हे तू बोलत नाहीयेस,’ ते म्हणाले.

‘नाही. हे तुम्ही बोललात. क्रेगकडे.’

वहिनी दारात पोह्यांचा डाव घेऊन उभ्या होत्या, त्या आधी माझ्याकडे आणि मग नवऱ्याकडे बघायला लागल्या. वकील हळू आवाजात म्हणाले, ‘मेधा, मला डायरेक्ट विचारलं त्याने. ती प्रेशरमध्ये कशी आहे म्हणून. मी खोटं कसं सांगणार?’

‘खोटं नका सांगू. पण मग पुढचं का नाही सांगितलंत? मी चहा पिऊन बाहेर गेले आणि सिस्टीम चालू केली, ते? बर्फ पडत होता, फळी गळकी होती, त्यातलं काहीच नाही सांगावंसं वाटलं?’

‘अगं, तो खेळ आहे,’ ते म्हणाले. ‘हे ऑफिस आहे. माझं नाव असतं तिथे. तुझ्यासाठी शब्द टाकला आणि उद्या काही झालं, तर मला विचारतील.’

एवढ्यात मॅच सुरू झाली. सगळ्यांना सुटका झाल्यासारखं वाटलं असावं. वकील लगेच पडद्याकडे वळले. मी स्टुलावर बसले. उठून जायला हवं होतं. पण पहिल्याच फेरीत जावईबापूंनी टचडाऊन टाकला आणि कायद्याप्रमाणे जो जिथे होता तिथे अडकला. मी स्टुलावर, वकील पडद्यापाशी, मध्ये वहिनी. मी पूर्ण वेळ पडदा सोडून त्यांच्या पाठीकडे बघत होते. ज्या पाठीमागे आपण इतके दिवस निर्धास्त बसलो ती हीच, हे मला पटत नव्हतं.

जावईबापू जिंकले. इतक्या वर्षांनी जिंकले. प्रशांत स्वतःच वकिलांना उचलून नाचला. रिया त्या दिवशी कामावर गेलीच नव्हती, ती धावत येऊन बापाच्या गळ्यात पडली, आणि वकील लहान मुलासारखे रडले. मी गाडीपाशी पोचले तेव्हा ते धापा टाकत मागून आले. वाटलं, आता तरी काही बोलतील. एक शब्द बोलले असते तर मी तिथेच विरघळले असते, एवढी मी अजून त्यांची होते. ते म्हणाले, ‘तू स्टुलावरून हलली नाहीस म्हणून जिंकलो बघ.’ डोळे अजून ओले होते. त्यांना वाटत होतं की ते मला काहीतरी देतायत.

कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर मी कालगुर्लीला निखिलकडे आले. एका छपराखाली राहायचं होतं, राहतोय. छप्पर पत्र्याचं आहे आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर दिवसभर लाल धूळ बसते. मला इथे हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं काम मिळालंय, लोक चांगले आहेत. वर्षावहिनींचा दिवाळीला फोन येतो. त्या सगळं बोलतात, फक्त वकिलांचं नाव घेत नाहीत.

परवाच्या सीझनला निखिलने सहज सोमवारी सकाळी टीव्ही लावला. इथे मॅच आणखी लवकर असते, चहाच्या वेळेला. जावईबापू आता थकलेत. पहिल्याच प्लेऑफमध्ये चेंडू भलत्याच्या हातात गेला आणि निखिल म्हणाला, ‘हा बाबा मोठ्या दिवशी कच खातो गं.’

मी कप खाली ठेवला आणि सुरू झाले. पुढची फळी बघ, दोन जण जायबंदी आहेत. वारा बघ. हरायला तिथपर्यंत जावं लागतं, घरी बसणारा कधीच हरत नाही. मी कितीतरी वेळ बोलत होते. निखिल हसायला लागला, ‘अगदी वकील बोलतायत.’

मी थांबले. बोट वर होतं, ते खाली घेतलं. पुढचं वाक्य तोंडात आलेलं होतं, पडलेल्या माणसाला आधी उठवायचं. इतकी वर्षं वकील ते त्या परक्या माणसासाठी गॅरेजभर ओरडून सांगत होते, आणि पँट्रीत दार लोटून मलाही सांगितलं होतं. माझ्यासाठी त्यांनी ते फक्त एकदा, दार उघडं ठेवून, क्रेगसमोर म्हणायला हवं होतं.