सायकलच्या ट्यूबवरचा पियानो

मी रांजणगावच्या कारखान्यात मालाची तपासणी करते. चूक दिसली की लाल स्टिकर लावायचं, समोर कोण आहे ते बघायचं नाही. पण मध्यंतरी घरातलीच एक चूक सापडली आणि हात थांबला.

आमच्या दौंडच्या घरी एका परदेशी पियानोवादकाची एकच रेकॉर्ड होती. बदली झालेल्या रेल्वेच्या साहेबानं ती प्लेअरसकट आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दिलेली. प्लेअरची तबकडी फिरवणारा पट्टा मिळाला तेव्हाच तुटलेला होता; आप्पांनी त्याजागी सायकलच्या ट्यूबची रिंग कापून बसवली आणि कामाला लागले. त्या रेकॉर्डवरची एक धून त्यांनी पेटीवर उचलली. संथ, रडू आणणारी. वस्तीत कुणी गेलं की शोकसभेत बुद्धवंदनेनंतर आप्पा तीच वाजवायचे. आई गेली तेव्हाही वाजवली, मान खाली घालून, पूर्ण.

गेल्या महिन्यात त्याच वादकाची जुनी रेकॉर्डिंगं साफसूफ करून पुन्हा काढल्याचं मोबाइलवर दिसलं. कव्हरवर आमच्या रेकॉर्डवरचाच फोटो. कामावर जाताना कंपनीच्या गाडीत, न्हावऱ्याजवळ, मी ती धून लावली, तर ती भलतीच जलद निघाली आणि चक्क पायानं ठेका धरला. खाली माहिती होती: लग्नातला नाच. म्हणजे ट्यूबची रिंग सैल होती, रेकॉर्ड जन्मभर रेंगाळत फिरली आणि आप्पांनी अख्ख्या वस्तीला वरातीच्या धुनीवर रडवलं.

आधी मला हसू आलं. मग आईची शोकसभा आठवली. हे कळल्यावर आप्पा पुन्हा पेटीला हात लावणार नाहीत, अशी भीती वाटली. चार दिवस सांगायचं टाळलं. पण चुकीचा माल पुढं ढकलायची मला सवय नाही. रविवारी चहा झाल्यावर सगळं सांगितलं आणि धून लावून फोन त्यांच्या कानाशी धरला.

आप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं. बोटं मांडीवर चालत होती, फोनमधल्या जलद वेगानं. मग म्हणाले, "तुझी आई म्हनायची, ह्याच्यावर माझा पाय हलतोय. दर टायमाला म्हनायची. मीच तिला गप बसवलं."

मी समजूत घालायला लागले, तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि पेटी पुढं ओढून घेतली.

"आता तिच्या म्हनन्यापरमानं वाजवतो."