औषधाभोवतीची प्रदक्षिणा

वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्याशा स्टुडिओत औषध कंपन्यांसाठी फिल्म तयार होतात. औषधाचा रेणू पडद्यावर सावकाश फिरताना दिसतो ना, ते आमचं काम. निवेदन मी लिहिते, फिरवाफिरवी धम्मपालची. कल्याणच्या कोळसेवाडीत राहणारा, केमिस्ट्रीत बीएस्सी झालेला, शीळफाट्याचं ट्रॅफिक रोज बाइकवर अंगावर घेऊनही हसत आत येणारा. मला नौपाड्यातून रिक्षाने येतानाही चिडचिड होते.

"फिरवतो" म्हटलेलं त्याला चालत नाही. "रेणू जागेवरच असतो, नीलाताई. फिरायचं आपण." कॅमेरा कुठून न्यायचा, किती उंचावरून न्यायचा हे ठरवण्याआधी तो टेबलावर एक मोसंबी ठेवतो आणि मोबाइल डोळ्यांसमोर धरून तिच्याभोवती फिरतो. कधी वाकून, कधी खुर्चीवर चढून. "कसला नवस फेडतोयस रे?" मी विचारते. तो हसतो, पण फेरी अर्धवट सोडत नाही. मागची बाजू बघितल्याशिवाय कशाबद्दलही बोलू नये, असं त्याचं म्हणणं. हे माणसांनाही लागू आहे हे मला पटतं, जमत मात्र नाही.

एवढं मन लावून काम करूनही तो वर्षानुवर्षं कंत्राटावरच. गेल्या वर्षी एका नव्या औषधाची फिल्म आली तेव्हा आमचा मालक सिद्धेश म्हणाला, "धम्मा, ही पास झाली की तू पर्मनंट." धम्मपालने तिथूनच बायकोला फोन लावला. त्याचा आवाज ऐकून मलाच भरून आलं.

फिल्म झाली. औषध प्रोटीनच्या खोबणीत जाऊन बसतं आणि कॅमेरा त्या दोघांभोवती एक पूर्ण फेरी घेतो. कंपनीच्या डॉक्टर समृद्धी मॅडमना ती आवडली. पण मंजुरीच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. त्यांच्या बड्या साहेबांना ही उलटी प्रदक्षिणा वाटत होती, आणि नव्या औषधाला अपशकुन नको. मी कपाळावर हात मारून घेतला. धम्मपालला मात्र हसू आलं नाही. "आमच्याकडे पण स्तूप उजव्या हाताला ठेवूनच फिरतात," तो म्हणाला. "त्यांना खटकणारच."

आता करायचं काय? सगळी चित्रं नव्याने काढायची तर कॉम्प्युटरला सकाळपर्यंतचा वेळ पुरणार नव्हता. फिल्म शेवटाकडून सुरुवातीकडे चालवावी, तर औषध खोबणीत जायच्या ऐवजी बाहेर पडताना दिसलं असतं. शेवटी धम्मपालने अख्खं चित्र आरशात दिसावं तसं डावं-उजवं केलं आणि त्यावरची अक्षरं पुन्हा सुलटी टाकली. कॅमेरा साहेबांना हवा तसा फिरू लागला. सिद्धेश तर त्याला मिठी मारायचा बाकी होता.

सकाळी मॅडम आल्या, फिल्म लागली, टाळ्या झाल्या. सिद्धेशने पेढे मागवले. तेवढ्यात धम्मपाल उठून उभा राहिला.

"मॅडम, ही पास करू नका. हे चित्र आरशातलं आहे. डाव्या हाताचा हातमोजा उजव्या हाताला बसत नाही ना, तसं. आता पडद्यावर दिसतंय ते तुमचं औषध नाही, दुसराच पदार्थ आहे."

मी टेबलाखालून त्याला पाय मारला. अरे, आज गप्प बस, उद्या हळूच बदल की! मॅडमनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "खरंच, प्रोटीनचे पीळसुद्धा उलटे आहेत," त्या म्हणाल्या. "मी नुसती कॅमेरा कुठे वळतो तेच बघत होते. नजरचुकीने झालं का?"

"हो" म्हणायला काय जात होतं? सुटायची वाट त्यांनी स्वतःच दाखवली होती. धम्मपालच्या कपाळावर घाम आला होता.

"नाही मॅडम. माहीत असून केलेलं. वेळ नव्हता."

पेढे तसेच राहिले. मॅडमनी मुदत वाढवून दिली, फिल्म पुन्हा झाली, पासही झाली. पण त्या दिवशी सिद्धेश त्याच्यावर उखडला तो उखडलाच. "चूक सुधारायची ना, क्लायंटसमोर पाढे कशाला वाचायचे? पर्मनंटचं नंतर बघू." ते 'नंतर' अजून उगवलेलं नाही. मला सिद्धेशचा राग आला, आणि खरं सांगायचं तर धम्मपालचा त्याहून जास्त. हातातोंडाशी आलेला घास असा कुणी घालवतं का?

परवा मी ती आरशातली आणि नंतर पास झालेली, अशा दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या. चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिल्या. कॅमेरा दोन्हींत सारखाच फिरतो. मला काडीचाही फरक कळला नाही. शेवटी चिडून त्यालाच हाक मारली. "ये इकडे. मला यात काही म्हणजे काही दिसत नाहीये. एवढ्यासाठी तू पर्मनंट नोकरी घालवलीस?"

त्याने दोन्ही पडद्यांकडे शांतपणे पाहिलं.

"तुम्हाला दिसत नाही ना, नीलाताई?" तो म्हणाला. "म्हणून तर सांगावं लागलं."